फौजदार जेवत नाही

मळा, तासगाव
दि. १८ नोव्हेंबर

चि. आकाराम यास,
लीलाआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. तुझ्या बायकोच्या, भामाच्या, गुडघ्याला नुसतं तेल चोळून भागणार नाही, तिला दाखवून आण. पोस्टमन आमच्या मुलाला, मल्हारला, म्हणाला म्हणे, की आता हाताने लिहिलेली पत्रं या भागात तुमच्याच घरी येतात, बाकी सगळ्या बँकेच्या नोटिसा. त्याला काय सांगायचं? तुला एस.टी.च्या वर्कशॉपनं बहिरं केलं, आणि मी फोन कानाला लावत नाही. सांगलीच्या मार्केटातून यांची बातमी त्या फोनवर आली, तेव्हापासून तो वाजला की माझे हात गार पडतात. दीड वर्ष झालं. म्हणून आपला कागद बरा.

आज लिहायचं कारण फौजदार. यांचा ऑस्कर मासा तू पाहिलाच आहेस. डॉक्टरांनी रोज तासभर शांत बसायला सांगितलं म्हणून यांनी काचेची टाकी आणली आणि त्यात हे वीतभर ध्यान सोडलं. गाल फुगवून येरझारा घालतो म्हणून फौजदार. यांच्या बोटांतून दाणा उचलायचा. हे गेल्यावर माझ्या हातून खायला त्याला महिना लागला, पण खाऊ लागला. आता नऊ दिवस झाले, त्यानं काही पोटात घेतलेलं नाही. गोळ्या घातल्या, उकडलेला वाटाणा सोलून घातला, केळीच्या बुडातलं गांडूळ धुऊन दिलं. तोंडात घेतो, चघळल्यासारखं करतो आणि थुंकून टाकतो. मग कोपऱ्यात अंग कलतं करून पडतो. मी दर तिसऱ्या दिवशी विहिरीचं ताजं पाणी भरते, तर पाणी बदललं की आणखीच मलूल होतो. गेल्या डिसेंबरातही त्यानं आठ दिवस असंच केलं होतं. तेव्हा त्याच्याकडे बघायला घरात कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं.

कारण तुला माहीत आहे. प्रांजलचं पाचव्या महिन्यात गेलं ते त्याच डिसेंबरात. आता सहावा संपत आलाय. माझ्या सुनेचं तोंड या खेपेलाही अन्नावर नाही. घरात दोघं जेवत नाहीत, एक टाकीत आणि एक माजघरात. मासा एक वेळ राहिला उपाशी तर राहिला, पण हे मूल मला हवं आहे, आकाराम. प्रांजल हसत नाही वर्षभर. मल्हार तिच्याशी बोलताना जमिनीकडे बघतो. या खेपेला काही झालं तर हे घर उभं राहील, पण त्यात माणसं राहणार नाहीत.

मी माझ्या परीने जपते आहे. सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या पाण्याचे दोन-दोन तांबे तिला समोर बसून प्यायला लावते. तिच्या माहेरच्यांनी पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं होतं, ते मी खोक्यासकट कॉटखाली सरकवलं. यांनी ती विहीर स्वतः उभं राहून खणून घेतली. शेजारपाजारचे बाळंतिणीसाठी आमचं पाणी घेऊन जायचे. त्याला गाळणी लावायची म्हणजे यांना खोटं पाडायचं. मल्हार थोडं कुरकुरला, तेवढंच.

स्टँडजवळचा तुझा तो माशांच्या दुकानाचा हुसेन, त्याला फौजदाराचं विचार. हसला तर हसू दे.

तिथं सगळ्यांना आशीर्वाद. म्हातारपणी भावानं आहे तसाच जीव लावावा, आणखी काही मागणं नाही.

तुझी,
लीलाआक्का


मलकापूर, कराड
दि. २३ नोव्हेंबर

ती. लीलाआक्कास,
धाकट्या आकारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र भामानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे सगळ्या गल्लीनं ऐकलं, मी सोडून. मग मी चष्मा लावून माझं मी वाचलं. गुडघ्याचं तू लिहिलंस म्हणून ती आता मला ऐकवतेय, आणि ते मला बरोबर ऐकू येतंय.

हुसेनकडे जाऊन आलो. फौजदार नाव ऐकून तो लय हसला. म्हणाला, मामा, ऑस्कर म्हणजे रुसलेला नवरदेव. मांडवात आला तरी गाडीतनं उतरणार न्हाई. त्याचं म्हणणं असं : आधी चार दिवस काहीच घालायचं नाही, समोर उभंसुद्धा राहायचं नाही. टाकीवरचा दिवा बंद ठेवायचा. मग लसूण ठेचून त्याच्या रसात गोळ्या भिजवायच्या आणि दोनच टाकायच्या, तिसरी त्यानं मागितली पाहिजे. थंडी पडलीय, म्हणून टाकीतला हीटर चालतोय का ते बघ. पाणी कुठलं म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, आमच्या दाजींच्या विहिरीचं. त्यावर तो म्हणाला, मग सोनंच. नळाच्या पाण्यात पावडर असते, ती माशाला सोसत नाही, विहिरीच्या पाण्याला तोड नाही.

लसणानं जमलं तर ठीक. नाही तर मी एक तारखेला प्रांजलच्या डोहाळजेवणाला येतोच आहे, परत जाताना फौजदाराला घेऊन येतो. हुसेनची एक जुनी टाकी पडून आहे. हवापालट माणसाला लागतो, तसा त्यालाही लागू दे.

प्रांजलला सांग, मामासासरा कंदी पेढे आणणार आहे आणि ते खाल्ल्याशिवाय उठणार नाही. आक्का, तू तिच्यावर फार डोळे लावून बसू नकोस. पोरगी घाबरते. कुणी टक लावून बघितलं की खाणाऱ्याचा घास घशात अडकतो.

धाकट्यावरची मायेची नजर काढू नकोस, एवढीच पायांशी विनंती.

तुझा,
आकाराम


मळा, तासगाव
दि. ९ डिसेंबर

चि. आकाराम यास,
आक्काचे अ. आ. वि. वि.

तू फौजदाराला दुधाच्या किटलीत घालून नेलंस, त्याची गोष्ट तुला गाडीत बसवून आलेल्या आमच्या गड्यानं, मानसिंगनं, सांगितली. कंडक्टरनं किटलीत डोकावून अर्धं तिकीट मागितलं आणि तू ऐकू न आल्यासारखं केलंस म्हणे. तो पोचला, जिवंत आहे, एवढं तुझ्या कार्डावरून कळलं. टाकी रिकामी आहे, पण तिच्यातला हवेचा पंप मी बंद केला नाही. बुडबुड्यांच्या आवाजाची सवय झाली आहे.

परक्या पाण्यात तो काय खाणार? म्हणून परवा बेदाण्याच्या टेम्पोतून आपल्या विहिरीच्या पाण्याच्या दोन कॅन तुझ्याकडे पाठवल्या आहेत. एव्हाना पोचल्या असतील. त्याला तेच पाणी घाल. थोडं भामालाही दे, अन्न पचतं त्यानं.

प्रांजल चार तारखेला पलूसला माहेरी गेली. निघताना माझ्या पाया पडली तेव्हा हात धरून उठवली, तर मनगट हाताला लागेना इतकं बारीक. तिच्याबरोबर मी दोन कॅन दिल्या, आता दर सोमवारी दोन मल्हार गाडीवर बांधून नेणार. तिच्या आईला राग आला. म्हणाल्या म्हणे, पलूसला काय पाणी पडत न्हाई व्हय. मी निरोप दिला, की लेक तुमची असली तरी पोटातलं आमचं आहे. उगाच बोलले असं नंतर वाटलं. पण प्रांजल तेच पाणी पिते, दुसऱ्याला हात लावत नाही, असं मल्हार सांगतो. मला तेवढंच समाधान.

इकडे एक वाईट झालं. मानसिंगला मल्हारनं काढून टाकला. द्राक्षबागेला औषध मारायचे दिवस आहेत, ढगाळ हवा असली की एक दिवसाआड फवारणी. फवारणीच्या ब्लोअरची टाकी विहिरीवरच भरतात. मध्येच लाइट जाते. लाइट आल्यावर बघावं तर पाऊण भरलेली टाकी निम्मी. एकदा नव्हे, चार-पाच वेळा झालं. टाकी गळत नाही, जमीन कोरडी. मल्हारनं ठरवलं की मानसिंग कालवलेलं औषध काढून शेजारच्या बागेला देतो. अकरा वर्षं आपल्याकडे राबलेला माणूस, त्याच्या बायकोदेखत त्याला नाही नाही ते बोलला. मानसिंग एवढंच म्हणाला, की दादांच्या वेळंला टाकी कधी कमी झाली न्हवती. यांना तो दादा म्हणायचा. ते खरं आहे. हे टाकीत आधी पाणी भरायचे, नळी टाकीच्या तोंडाच्या हातभर वर कडीत अडकवायचे, आणि औषध शेवटी स्वतः ओतायचे. मल्हारची टाकी नवी आहे, मोठी आहे. तो औषध आधी ओततो आणि नळी थेट तळाला सोडतो, म्हणजे फेस येत नाही. बाबांचं सगळंच वेळखाऊ होतं असं त्याचं म्हणणं. असेल. पण मानसिंग चोर नाही, हे मी यांच्या फोटोसमोर सांगेन.

मला जरा बरं नाही. तोंडाला तुरट चव येते, चहासुद्धा कसातरी लागतो. तांब्याचा हंडा चिंचेनं घासला, तरी तीच चव. वयाचं असेल. तू काळजी करू नकोस.

फौजदारानं काही खाल्लं का, लगेच कळव. असाच आठवणीत ठेव बहिणीला.

तुझी,
लीलाआक्का


मलकापूर
दि. ११ डिसेंबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच हे टाकतोय, कारण बातमी पोटात राहत नाही. फौजदार जेवला!

इथं आल्यावर पाच दिवस त्यानं पाठ फिरवली होती. सहाव्या दिवशी एक गांडूळ गिळलं. काल लसणाच्या बारा गोळ्या खाल्ल्या, वर माझं बोट धरलं. रंग असा परत आलाय की हुसेन चार गिऱ्हाइकांना दाखवायला घेऊन आला. भामा त्याला जावई म्हणायला लागलीय. पहिला घास तिच्याच पानातनं काढते.

आणि हे सगळं नळाच्या पाण्यात, बरं का. रात्रभर बादलीत ठेवून घातलेलं. आता तुझ्या कॅन आल्यात, त्या उद्या घालतो. नळाच्या पाण्यात हा असा, तर दाजींच्या पाण्यात नाचेल.

घाईत आहे. रागावू नकोस, माया कर.

आकाराम


मलकापूर
दि. १६ डिसेंबर, सकाळ

आक्का, नमस्कार.

हे पत्र तासगावच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आहे, स्टँडवरनं मळ्यात आणून देईल. उभ्याउभ्या वाच आणि वाचून झाल्यावर पहिलं काम प्रांजलचं कर. तिला ते पाणी पिऊ देऊ नकोस.

आता सांगतो काय झालं. बारा तारखेला निम्मं पाणी काढून तुझ्या कॅनचं घातलं. संध्याकाळी फौजदार कोपऱ्यात. गोळी घेतली आणि थुंकली. दुसऱ्या दिवशी अंग कललं, कल्ले भाताच्या झाकणागत उडायला लागले. मी सगळं पाणी काढलं, नळाचं घातलं. कालच्याला परत खाल्लं त्यानं. मला वाटलं माझंच काही चुकलं. हुसेनला बोलावलं. तो हसला नाही. दुकानातनं चार बारके मासे आणले, नखाएवढे. दोन एका बरणीत नळाच्या पाण्यात सोडले, दोन दुसऱ्या बरणीत तुझ्या पाण्यात. दिवस मावळायच्या आत तुझ्या बरणीतले दोन्ही वर आले. नळातले अजून फिरतायत.

त्याच रात्री तुझं नऊ तारखेचं पत्र परत काढून वाचलं. आक्का, मानसिंगनं काही चोरलं नाही. मी चाळीस वर्षं वर्कशॉपात तोंडानं नळी ओढून डिझेल काढलंय. नळीचं एक टोक बुडालेलं असलं आणि दुसरं खाली असलं, की आपोआप ओढतं, मोटार लागत नाही. लाइट जाते, मोटार थांबते, आणि टाकीतलं कालवलेलं औषध त्याच नळीनं माघारी विहिरीत जातं. पाइपला उलटं जाऊ नये म्हणून झडप असते, ती झिजली असणार. दाजी नळी वर बांधायचे ते उगाच नव्हे. टाकी निम्मी व्हायची ती अशी. गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पण असंच चाललं असणार. तेव्हा दाजी नव्हते.

हुसेननं काल मल्हारला फोन केला होता. मल्हार त्याला म्हणाला, मामाला ऐकू येत न्हाई ते न्हाई, आता माशाच्या तोंडचं ऐकायला लागलाय. तुला त्यानं काही सांगितलं नसणार, म्हणून हे पत्र.

भामानं दोन दिवस ते पाणी प्यायलं. बरी आहे. तू पण पिऊ नकोस.

आकाराम


मळा, तासगाव
दि. २० डिसेंबर

चि. आकाराम यास अनेक आशीर्वाद.

तुझा ड्रायव्हर सोमवारी दुपारी पाकीट देऊन गेला. मल्हार सकाळीच कॅन बांधून पलूसला गेला होता. मी नेसत्या लुगड्यानिशी स्टँडवर गेले.

पोचले तेव्हा प्रांजल लोहाच्या गोळ्या घेत होती. पेल्यात पाणी आमचंच. मी तो पेला तिच्या हातातून काढून घेतला. तिला वाटलं, काही चुकलं तिचं. नव्या दोन कॅन आणि जुनी अर्धी, सगळं मी गटारात ओतलं. तिच्या आई दारात तुळशीला घालू का म्हणाल्या, तर नको म्हटलं. मल्हार निघून गेला होता. मग त्या दोघींना बसवून मी सगळं सांगितलं. फौजदाराचं, बरण्यांचं, नळीचं, आणि कॉटखालच्या यंत्राचंसुद्धा. ते खोकं मी सरकवलं होतं, मल्हारनं नाही, हेही सांगितलं. मला वाटलं तिच्या आई आता मला बाहेर काढतील. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या. प्रांजलनं एकच विचारलं, की मागच्या वेळीही हेच होतं का. मी म्हटलं, माहीत नाही. ती उठली, खोलीचं दार लावलं. मी संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसले. ते दार उघडलं नाही.

घरी आले तर मल्हारचा वेगळाच सूर. व्यापारी बाग बघून गेला आहे, गावात हा विषय काढू नकोस, मामा आणि तो दुकानदार मिळून काहीतरी उठवतायत, असं तो म्हणाला. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी धुवायला लावली, साध्या पाण्यानं भरायला लावली, आणि देवघरातला गुलाल होता तेवढा सगळा तिच्यात ओतला. नळी तो रोज सोडतो तशी तळाला सोड म्हटलं. मोटार जरा चालू दिली, मग लाइट जाते तशी मी स्वतः जाऊन बंद केली आणि त्याला विहिरीच्या काठावर उभा केला.

फार वेळ लागला नाही. पाइपाच्या बुडाशी आधी नुसती रेघ दिसली. मग लाल रंग ढगासारखा पसरत वर येत राहिला, आणि टाकीत पाणी उतरत राहिलं. मल्हार काठावर बसला. त्याला उठवायला मला दोनदा हाक मारावी लागली.

त्या दिवशी मी शेडमागच्या रिकाम्या बाटल्या काढून बसले. तुला माहीत आहे, मी वाचायला शिकले ते याच बाटल्यांवर. यांना बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून मी एक-एक अक्षर लावून वाचून दाखवायची, आणि मग त्यातूनच पेपर, पुस्तकं. प्रत्येक बाटलीवर लिहिलं आहे, की माशांना अपायकारक, विहिरी व तळ्यात मिसळू देऊ नये. ही ओळ मी शंभर वेळा तरी मोठ्यानं वाचली असेन. हे ऐकायचे आणि नळी वर बांधायचे. मी वाचायची आणि चहा ठेवायला उठायची.

मानसिंगच्या घरी मल्हार गेला होता. मानसिंगच्या बायकोनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तीही आमच्याच विहिरीवरून पाणी नेते. मी मागाहून गेले आणि तिला सांगितलं, आणखी तीन घरी सांगितलं. एकीनं मला विचारलं, बाई, किती दिवसांचं हे. हे गेले तेव्हापासूनचं असेल, असं मी तिला सांगितलं.

पाणी तपासायला सांगलीला दिलं आहे. उपशाचा पंप लावलाय, पण उपसलेलं पाणी सोडायचं कुठं, हेही कुणाला कळत नाही. विहिरीवर मी पत्रा टाकलाय आणि वर दगड ठेवलेत. फौजदार तुझ्याकडेच राहू दे.

प्रांजलकडून काही कळलेलं नाही. मल्हार फोन करतो, ती घेत नाही. मी तिला एक पत्र टाकलं आहे, त्यात काही मागितलेलं नाही. रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो येताना दिसला की आत जाते.

तू पाठीशी आहेस म्हणून लिहवतं.

लीलाआक्का


पलूस
दि. ३० डिसेंबर

ती. आत्यांना,
प्रांजलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मला पत्र लिहायची सवय नाही. शाळेत रजेचा अर्ज लिहिला तेवढाच. पण फोनवर बोलले तर मी ओरडेन, म्हणून लिहिते.

पाण्याचा रिपोर्ट मल्हारनं इथं आणून दिला. आत आला नाही, ओट्यावर ठेवून गेला. त्यात फवारणीतलं मोरचूद सांगितलंय त्यापेक्षा किती तरी पट जास्त आहे, आणि आणखी दोन नावं आहेत, ती मला वाचता येत नाहीत. मी ते डॉक्टरांना दाखवलं. मागच्या वेळचं त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ते आता कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. मी तीन रात्री त्यावरच विचार करत होते. मला सारखं आठवत होतं, की तेव्हा मी पाणी नको म्हटलं होतं, तोंडाला कसंतरी होतं म्हणून, आणि तुम्ही बाजूला बसून पाजलं होतं. मायेनं पाजलं होतं. तेच तर मला सहन होत नाही. वाकडेपणानं पाजलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी तुमच्यावर रागावले आहे. मल्हारवर त्याहून जास्त. हा राग कधी जाईल, मला माहीत नाही. आई म्हणते, असल्या घरी परत पाठवणार नाही. त्यावर मी अजून काही बोललेले नाही.

बाळ दोन आठवड्यांनी मागं आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. ठोके आहेत. वजन वाढतंय का ते पुढच्या सोनोग्राफीत कळेल, तोवर काही सांगता येत नाही म्हणाल्या. मला आता दोन घास जास्त जातात. रात्री ते हलतं. कधी हलत नाही, तेव्हा मी उठून बसते आणि वाट बघते. आईला उठवत नाही, ती रडायला लागते. मल्हारला फोन लावायला हात जातो, पण लावत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला माहीत आहे. नुसत्या जाग्या बसला असता.

तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत. मल्हारच्या मनात होतं तसं गप्प राहिला असतात, तर मी अजून तेच पाणी पीत असते आणि तुम्हाला चांगलं म्हणत असते. हे मी विसरणार नाही. दुसरंही विसरणार नाही.

तीन तारखेला सकाळी अकराची वेळ दिली आहे, सांगलीला. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि आईला जिना चढवत नाही. मला तिथं एकटीला आत जायचं नाही. तुम्ही या. वाटेत माझ्याशी काही बोलू नका, माफी मागू नका, डबा आणू नका. आत त्या बाई काय सांगतील ते सांगतील, तेव्हा माझा हात धरा. नंतरचं नंतर बघू.

साडेदहाला दवाखान्याच्या खाली उभी राहीन.

तुमची सून,
प्रांजल